ससाण्याचं भांडं

पुराचा दुसरा महिना, दिवस अकरावा
थेबेसचा पश्चिम काठ

इपुईदादा,

आमुन तुला धडधाकट ठेवो आणि उत्तरेच्या वाऱ्यात तुझी छाती जपो. पेंतू गुरुजी शिकवायचे की मनात काहीही असलं तरी पत्राची सुरुवात आशीर्वादानं करावी, म्हणून ही सुरुवात. पण आशीर्वाद मनापासून आहे, हेही लिहून ठेवते.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र कुणीतरी तुला वाचून दाखवत असणार. त्या गृहस्थांना विनंती, की आधी माझ्या भावाला खाली बसू द्या आणि पुढची ओळ हळू आवाजात वाचा.

बाबा गेले.

सकाळी त्यांनी भाकरी आणि कांदा खाल्ला, दारातल्या उन्हात बसून एका दगडी भांड्याची कड वाळूनं घासली आणि मला म्हणाले, पाणी आण. मी पाणी घेऊन आले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. हातातली वाळू तशीच होती. मी उशीर केला का, असं आत्याला दहा वेळा विचारलं. शेवटी ती म्हणाली, "तू पाण्याला गेली होतीस. उत्तरेला नव्हतीस गेली." हा टोमणा तिनं तुला मारला, मला कळलं. लिहू नये असं वाटलं, पण ती बोलली ते बोलली, आणि मी गाळलं तर पत्र खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी शव जपणाऱ्या नेसमिनची माणसं होडी घेऊन थेट आपल्या उंबऱ्यापर्यंत आली. शेतं सगळी पाण्याखाली आहेत. नेसमिनही बरोबर होता. बाबांना होडीत ठेवल्यावर त्यानं विचारलं, "आत की भांड्यात?" आत्या म्हणाली, ते मुलानं सांगायचं असतं, मुलगा उत्तरेत तानिसला आहे. नेसमिन म्हणाला, घाई नाही, सत्तर दिवसांचं काम आहे, आतलं सगळं खारात वाळायलाच चाळीस दिवस जातात, तोवर सांगा.

म्हणून हे पत्र. यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी वाळवून झाली की बाबांनी स्वतःसाठी केलेल्या चार भांड्यांत ठेवायची, की हल्ली सगळे करतात तशी कापडात गुंडाळून परत त्यांच्या अंगात घालायची? तू थोरला. तुझा शब्द हवा. हल्ली काय करतात हे तुला मी सांगायला नको. त्याच्यावरूनच तर... ते इथे नको.

आणखी एक. मी बाबांची चारही भांडी फळीवरून उतरवली. त्यांच्यावर राखणदार देवांची नावं कोरायची राहिली आहेत आणि तेवढ्यासाठीच तर मला शिकवलं होतं. माणसाच्या, माकडाच्या आणि कोल्ह्याच्या डोक्याची झाकणं काढली, आतून भांडी स्वच्छ, गुळगुळीत. चौथं ससाण्याचं, आतड्यांसाठीचं. बाहेरून सगळ्यांत देखणं. झाकण काढलं, तर खाली नुसता दगड. आत पोकळी नाहीच.

दादा, बाबांनी भरीव भांडं केलं. "आत जागा नाही ते भांडं नव्हे, वरवंटा" असं म्हणून भरीव भांडी मागणाऱ्या गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवणाऱ्या बाबांनी. मला काही उमजत नाही. तुला उमजलं तर कळव.

पपायरसच्या कोपऱ्यात पुसट अक्षरं दिसतील, ती माझी नाहीत. जुना तुकडा घासून घेतला आहे. कुणाच्या तरी लंगड्या गाढवाची तक्रार आहे.

तुझी धाकटी बहीण,
हुनेरो


पुराचा दुसरा महिना, दिवस सव्विसावा

इपुईदादा,

पहिलं पत्र मिळालं की नाही माहीत नाही, तरी हे लिहिते. नावाडी महू उद्या निघतो आहे आणि मला जे कळलं ते मी एकटीनं ठेवू शकत नाही.

मी नेसमिनच्या तंबूकडे गेले होते. आत्याला न विचारता नाही, विचारून. ती म्हणाली, "चार अक्षरं आली म्हणून मेलेल्याच्या पोटात डोकवायचं का?" मग म्हणाली, "जातेसच तर नाकाला कांदा लाव." मी कांदा नेला, पण लावला नाही. तो माणूस समोर उभा असताना तसं करणं बरं दिसेना.

तंबूच्या तोंडाशीच उभी राहिले. नेसमिन बोलका आहे. त्याच्याशी कुणी बोलत नाही म्हणून असेल. म्हणाला, "लोक माझ्याशी तोंड फिरवून बोलतात. तू प्रश्न घेऊन आलीस. विचार." मी विचारत गेले. डाव्या कुशीलाच चीर का? हृदय आतच का ठेवतात? तो म्हणाला, तिकडे गेल्यावर ते तराजूत घालायचं असतं, तेव्हा हाताशी नको का? डोक्यातला मेंदू नाकावाटे काढून टाकून देतात, तो का नाही जपत? तो म्हणाला, त्याचा कुणाला काय उपयोग? मग मी विचारलं की पूर्वी भांड्यात ठेवत होते ते आता परत आत का घालतात. तो म्हणाला, थडगी फोडणारे वाढले. भांडी फुटतात, हरवतात, माणूस एकीकडे आणि त्याचं यकृत दुसरीकडे. आत घातलं की सगळं एकाच ठिकाणी. प्रत्येक पुडीबरोबर मेणाचा एकेक देव ठेवतो, म्हणजे राखणही होते. भांडी तरीही लोक मागतात, कारण भांड्यांशिवाय थडगं ओकंबोकं दिसतं. म्हणून भरीव ठोकळे, नुसते शोभेचे.

मग मी आईचं विचारलं. विचारणार नव्हते.

तो म्हणाला, "तिच्या पुड्या तिच्यातच आहेत. मी स्वतःच्या हातानं केलं. तुझ्या बापानं भांडी आणून दिली, मी झाकणं लावून, लिंपून परत दिली. भरली का, असं त्यानं विचारलं नाही. मला वाटलं, त्याला माहीत आहे. या धंद्यातलाच माणूस."

म्हणजे तू खोटं बोलला नव्हतास. दादा, दरीच्या सणाला आपण आईच्या थडग्यापुढे बसलो होतो, सगळा गाव आपापल्या थडग्यांपुढे खात-पीत होता, बाबा चारही देवांची नावं घेऊन आईसाठी पाणी सोडत होते, आणि तू म्हणालास, "कुणाला पाजताय, बाबा? भांडी रिकामी आहेत." तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलंही नाही. बाबा म्हणाले, उद्यापासून माझ्या दगडाला हात लावू नकोस. तू दुसऱ्या दिवशी गेलास आणि भांडी पोखरायचं, दोन दगड लोंबणारं त्यांचं गिरमिट घेऊन गेलास. गावात सगळे म्हणाले, पोरगा बापाच्या पोटावर पाय देऊन गेला.

पण पुढचं ऐक. तू गेल्यावर महिन्याभरानं बाबा त्या तंबूपाशी गेले होते. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. नेसमिन म्हणाला, त्यांनी नाकाला काही लावलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "ती पुरती आहे?"

"पुरती आहे, पाशेद. काही मागं राहिलं नाही."

"मग मी उचलली तेव्हा भांडी इतकी जड का लागली?"

"दगड जडच असतो," नेसमिन म्हणाला. बाबा निघून आले.

म्हणजे तीन वर्षं बाबांना माहीत होतं. आणि त्यानंतरही दर दहाव्या दिवशी ते वर थडग्यापाशी जाऊन आईसाठी पाणी सोडत होते, चारही नावं घेऊन. हे कशाला, मला सांगता येत नाही. तू जवळ असतास तर आपण दोघांनी मिळून काही तरी अर्थ लावला असता.

नेसमिन आणखी एक म्हणाला. जुन्या रीतीनं करायचं असेल तर तो करील, पण मग चारही भांडी पोकळ हवीत. तिघांना घर आणि चौथा उघड्यावर, असं तो करत नाही. आणि चौथं तर ठोकळा आहे.

हुनेरो

वाचणाऱ्या गृहस्थांस: सणाच्या दिवसाचा मजकूर तुम्ही विसरलात तर उपकार होतील.


पुराचा तिसरा महिना, दिवस चौदावा

इपुईदादा,

तुझं उत्तर काल मिळालं. पहिल्या पत्राचं आहे, दुसरं तेव्हा तुला पोचलं नसावं. "आत घाला. भांड्यांचं खूळ त्यांच्याबरोबर संपू दे." आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढंसं सांगायला एवढी मोठी नदी ओलांडली?" आणि डाळ निवडायला बसली. तिला वाईट वाटलं की ती डाळ निवडते, आठवत असेल तुला. एकदा निवडलेलीसुद्धा परत निवडते.

तू थोरला आहेस, तुझा शब्द मागितला तो मीच. विचारायचं आणि मग ऐकायचं नाही, हे न विचारण्यापेक्षा वाईट, एवढं मला कळतं. तरी मी अजून नेसमिनला काही सांगितलेलं नाही. का ते लिहिते.

काल संध्याकाळी तुझं पत्र वाचल्यावर मी नावं कोरायला बसले. भरीव तर भरीव, नाव तरी हवंच. केबेहसेनुएफ हे नाव लांब आहे, ते ससाण्याच्या भांड्यावर कुठून सुरू करायचं हे पाहायला मी भांडं उजेडात ओढलं. झाकणाखालच्या माथ्यावर दगडाची पिठी बसली होती. फुंकली. खाली लाल गेरूचं वर्तुळ निघालं. मधोमध एक ठिपका.

भोक कुठं पाडायचं त्याची खूण. मी दोऱ्यानं माप घेतलं आणि दोरा बाकीच्या तिघांच्या तोंडावर धरला. तंतोतंत तेवढंच. म्हणजे आपल्याच गिरमिटाच्या तांब्याच्या नळीचं माप, तू नेलीस तिचं.

आता हे नीट ऐक, आणि वाचणाऱ्यांनीही हे सावकाश वाचावं. ते वर्तुळ एकदाच काढलेलं नाही. खाली जुनी, तपकिरी पडलेली रेघ आहे, तिच्यावर दुसरी, आणि सगळ्यांत वर ताजी. गेरू पुसट होतो, दादा. पुसट झाला की ते परत काढत होते. त्यांच्या बसायच्या जागेजवळ गेरूची वाटी कायम असायची. मला वाटायचं ती माझ्यासाठी आहे, अक्षरांची आखणी करायला. मीही तीच वापरत होते आणि एकदाही विचारलं नाही की ती रोज ओली कशी.

ते दुसरं गिरमिट करून घेऊ शकले असते. देवळाच्या कारखान्यातला सुतार त्यांचा दोस्त होता. गावात आता कुणाकडे गिरमिट उरलं नाही हे खरं, ठोकळ्यांना कशाला लागतंय, नळ्यांचं तांबं वितळवून लोकांनी आरसे केले. पण बाबांना मिळालं असतं. त्यांनी केलं नाही.

बाबांना आत हवं होतं की भांड्यात, मला माहीत नाही. एकच सांगू शकते. त्यांनी भरीव भांडं केलं नव्हतं. त्यांनी भांडं अर्धवट ठेवलं होतं, आणि उरलेलं काम कुणाचं होतं हे त्याच्या माथ्यावर लिहिलं होतं. बाबांना लिहिता येत नव्हतं, तरीही.

हे ऐकून तू परत "आत घाला" म्हणालास तर मी उलट शब्द न बोलता नेसमिनला तसं सांगेन. नाहीतर गिरमिट पाठव. स्वतः येशील असं लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही.

हुनेरो


पुराचा चौथा महिना, दिवस पाचवा

इपुईदादा,

हे पत्र कदाचित पाठवणार नाही. महू अजून वर आलेला नाही. वारा पडला आहे म्हणतात. रोज दोनदा काठावर जाऊन येते. कोळिणी विचारतात, नवरा यायचाय का? मी म्हणते, गिरमिट यायचंय. त्यांनी आता मला त्यावरूनच नाव पाडलं आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आत्यानं काल बाजारातून एक मडकं आणलं. चांगलं निळं रंगवलेलं. तीन दगडी आणि एक मातीचं, काय बिघडलं, तिचं म्हणणं. "चौघांत एक गरीब असतोच." मी मडकं हातात घेऊन पाहिलं. खरं तर काही बिघडत नाही. तरी मी ते फळीवर ठेवलं आणि त्यात कांदे भरले. आत्यानं जेवताना कांदा मागितला नाही.

बाबा खारातून निघाले. नेसमिननं मला बोलावून सांगितलं, आतलं सगळं वाळून हलकं झालं आहे, राळ लावायची आहे, आता शब्द हवा. बारा तारखेपर्यंत थांबतो म्हणाला. मग त्यानं विचारलं, गाल भरायचे का? हल्ली गालांत कातडीखाली माती भरतात, म्हणजे चेहरा जिवंत माणसासारखा दिसतो. मला हसू आलं आणि लाजही वाटली. बाबांचे गाल कधी भरलेले होते? मी म्हटलं, आहेत तसेच राहू द्या, नाहीतर आई ओळखायची नाही. आत्या म्हणाली, "भर रे बाबा, भर. तिकडे तरी चार घास खाल्ल्यासारखा दिसू दे." त्यावर आमचं दोघींचं थोडं वाजलं. शेवटी नेसमिननं थोडेसेच भरायचे ठरवले.

मी त्याला विचारलं, आतलं कुठंही ठेवलं तरी माणूस पुरताच राहतो ना? तो म्हणाला, "पोरी, मी आतलं जपतो. पुरता आहे की नाही, ते मागचे लोक ठरवतात." मी हे वाक्य घरी येऊन खापरीवर लिहून ठेवलं. पटलं म्हणून नाही. पटलं की नाही ते कळेना म्हणून.

तुझा शब्द आला नाही तर बाराव्या दिवशी मी जुन्या शब्दाप्रमाणे सांगेन.

हुनेरो


पुराचा चौथा महिना, दिवस तेरावा

इपुईदादा,

गिरमिट अकराव्या दिवशी आलं.

महूनं होडीतून ते दोन्ही हातांनी उचलून दिलं. तुझ्या अंगावरच्या लोकरी चादरीत गुंडाळलं होतंस. आत्यानं चादर ओळखली, तिनंच विणली होती. ती घेऊन ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी डाळ निवडायचं सूप कुठं आहे ते पाहिलं. जागेवर होतं. तेव्हा बरं वाटलं.

तुझा शब्द नव्हता. चादरीत एक खापरी होती आणि तिच्यावर तुझा नव्हे, वाचणाऱ्यांचा मजकूर. त्यांनी लिहिलंय: "बाई, त्यानं सांगायला काही दिलं नाही. लाल वर्तुळाचं मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं आणि नळीला धार लावत बसला. मी आपल्या मनानं लिहितो आहे, त्याला सांगू नका." मी सांगते आहे, गृहस्थहो, माफ करा. मला लपवता येत नाही, आणि आता हे तुम्हालाच मोठ्यानं वाचावं लागेल.

गिरमिट आलं, पण चालवणार कोण? गावात हात बसलेला एकही माणूस नाही. नेसमिनकडे जाऊन सांगितलं, भांड्यात. त्यानं विचारलं, चौथं? मी म्हटलं, होईल. माझ्या तोंडून ते कसं गेलं मलाच कळलं नाही.

मला कधी कुणी गिरमिटाला हात लावू दिला नव्हता. बाबा म्हणायचे, तुझी बोटं लेखणीची. तुला वाटायचं मला शाळा मिळाली आणि तुला दगड. खरंच होतं ते. पण दारात बसून अक्षरं गिरवताना मी तुला रोज पाहत होते. ओली वाळू घालायची, वरचे दगड झोकात फिरू द्यायचे, मनगट सैल, दाबायचं नाही. मध्येच थांबून, नळी उचलून, वाळू बदलायची. तू मध्येच शिवी द्यायचास, तीही मी दिली. आत्या भांडं पायांत धरून बसली होती. म्हणाली, "ही कुठल्या शाळेत शिकलीस?"

पहिल्या दिवशी चार बोटं खोल गेलं. माझी बोटं वळेनात, भाकरी आत्यानं तोडून दिली. आज दुपारी नळीचा आवाज बदलला. तू म्हणायचास ना, तळ जवळ आला की दगड खोकतो. तसाच. थांबवलं. आता नळीनं गोल कापलेल्या फटीत लाकडी पाचर घालून मधला गाभा मोडायचा आहे. तो नीट मुळापासून तुटेल की भांड्यालाच तडा देईल, कुणास ठाऊक. तू पाचर कुठल्या बाजूनं घालायचास ते मला आठवत नाही. डोळे मिटून आठवते आहे. तू नेहमी उजव्या हातानं हातोडी मारायचास आणि तोंड भिंतीकडे असायचं, उजवीकडे दार, म्हणजे दाराच्या बाजूनं. तशीच घालते.

पत्र इथेच ठेवते.


पुराचा चौथा महिना, दिवस पंचविसावा

इपुईदादा,

गाभा तुटला. एकदाच टक् असा आवाज आला आणि आत्यानं डोळे मिटून घेतले, तिला वाटलं भांडं गेलं. भांडं राहिलं. तळाशी थोडं खडबडीत आहे. आणि माझा हात सरळ नव्हता. नळी एका बाजूला कलली, त्यामुळे एक भिंत जाड आणि दुसरी फार पातळ झाली आहे. पातळ बाजू सूर्याकडे धरली की ऊन आरपार दिसतं आणि दगड आतून मधासारखा उजळतो. बाबांनी पाहिलं असतं तर हे भांडं नव्यानं केलं असतं.

नेसमिननं चारही भरली, माझ्यासमोर. मी तसं मागून घेतलं. त्यानं प्रत्येक पुडी उचलून मला दाखवली, कुणाची ते सांगितलं आणि मग आत ठेवली. आतडी शेवटी. घट्ट बसली, पण बसली.

सत्तर दिवस झाले त्या दिवशी बाबांना वर नेलं. आईशेजारीच ठेवलं. आईची चार भांडी कोपऱ्यात होती. सगळे बाहेर जेवणाची तयारी करत होते आणि मी एकटीच आत होते. मी आईचं ससाण्याचं भांडं उचलून पाहिलं. हे करायला नको होतं, पण मला कळायला हवं होतं. ते रिकामं, तरी जड होतं, खूप. बाबांना काय वाटलं असेल ते कळलं. मग बाबांचं उचललं, भरलेलं. ते हलकं लागलं. माझ्या वाकड्या हातानं केवढा तरी दगड खाऊन टाकला होता.

आता एक गोष्ट मला खाते आहे. झाकणं मग थडग्यातच आत्यानं बसवली. नावं मी कोरली होती, पण आत्याला वाचता येत नाही, आणि मी तेव्हा दिव्यात तेल घालत होते. खाली उतरताना मी सहज विचारलं, ससाणा कुठल्या भांड्यावर बसवलास? ती म्हणाली, "माकडाशेजारच्या." माकडाशेजारी कोल्ह्याचं भांडं होतं, दादा. म्हणजे जठरावर ससाणा बसला आहे आणि आतड्यांवर कोल्हा. दार तोवर लिंपून झालं होतं. मी रात्रभर तळमळले. सकाळी आत्या म्हणाली, "जन्मभर तोच धंदा केला त्यानं. स्वतःची झाकणं स्वतः लावून घेईल. आणि शिव्या देईल मला, त्याची मला सवय आहे." तुला काय वाटतं ते कळव. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

बाहेर सगळे जेवायला बसले तेव्हा मी चारही नावं घेऊन पाणी सोडलं, एकदा आईसाठी आणि एकदा बाबांसाठी. चौथं नाव घेताना लक्षात आलं की मी ते इतक्या वेळा लिहिलं, पण त्याचा अर्थ कधी मोठ्यानं म्हटला नव्हता. भावंडांना गार पाणी देणारा, असा आहे तो.

गिरमिट मी ठेवून घेते आहे. काल नदीपलीकडून एक विधवा बाई आली होती, पोकळ भांडी कुठं मिळतील असं विचारत. मी म्हटलं, माझा हात वाकडा आहे. ती म्हणाली, चालेल. तुला गिरमिट हवं असेल तर येऊन घेऊन जा. चादर आत्या देणार नाही, म्हणते ती आता तिची.

तिच्या बदल्यात महूबरोबर एक गोष्ट पाठवते. जुन्या कापडात गुंडाळली आहे, वाटेत होडीत लोळू देऊ नकोस असं त्याला बजावलं आहे. भांड्यातून निघालेला गाभा आहे. गोल, हातात मावेल एवढा, एका टोकाला खडबडीत, जिथून तुटला तिथं. दुसऱ्या टोकावरचं वर्तुळ नळीनं खाल्लं. पण मधोमध गेरूचा ठिपका तसाच आहे, बाबांनी लावलेला. काम करताना वाळूचं पाणी त्याच्यावरून वाहू लागलं की मी नळी उचलायची आणि त्याच्यावर मेणाचा थेंब टाकायची.

मेण अजून काढलेलं नाही. ते तू काढ.

तुझी बहीण,
हुनेरो